सहाशे किलो स्पंज, साडेबारा मिलिग्रॅम औषध: सागरी रेणूंच्या घडणीतील धातूंचे काम

टोरँटो, मॉन्ट्रियल किंवा व्हँकुव्हरच्या कर्करोग रुग्णालयात एरिब्युलिन हे औषध दिले जाते तेव्हा त्या प्रसंगात नाट्यमय असे काहीच नसते. स्तनांचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेली आणि आधीची औषधे निष्प्रभ ठरलेली रुग्ण खुर्चीत बसते. परिचारिका दोन ते पाच मिनिटांत शिरेतून एक बिनरंगी द्रव सोडते. आठवड्याने पुन्हा एकदा तेच होते आणि मग काही दिवसांची विश्रांती मिळते. एकवीस दिवसांचे हे चक्र असते. एका वेळची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, म्हणजे मध्यम बांध्याच्या स्त्रीसाठी सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास. मिठाच्या काही कणांएवढा हा ऐवज. कॅनडात या औषधाला २०११ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत ती त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली होती.

हे काही कण येथवर कसे पोहोचले, याची कथा जपानच्या किनाऱ्यावरील एका काळ्या स्पंजापासून सुरू होते आणि तिच्यातील कळीचे पात्र आहे निकेल. तेही असे निकेल, की जे त्या बाटलीत असायलाच नको होते.

१९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी 'हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई' या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हा पदार्थ वेगळा केला. त्यासाठी त्यांनी सुमारे ६०० किलो स्पंज गोळा केला होता आणि हाती लागले १२.५ मिलिग्रॅम. आजच्या एरिब्युलिनच्या मात्रेशी केवळ वजनाची तुलना केली, तर सहाशे किलोंतून जेमतेम साडेपाच इंजेक्शने झाली असती. एका रुग्णाची तीन चक्रेही त्यात पुरी होत नाहीत. पण उंदरांतील कर्करोगावर या पदार्थाचा प्रभाव इतका तीव्र होता, की त्याचा नाद सोडणे कोणालाही शक्य नव्हते. पुढे न्यूझीलंडच्या खोल पाण्यात 'लिसोडेंडोरिक्स' जातीचा अधिक उदार स्पंज सापडला. एक टन स्पंजामागे सुमारे ३०० मिलिग्रॅम, हे त्याचे औदार्य! औषधाच्या चाचण्यांना लागणारे काही ग्रॅम जमवायचे, तर समुद्रतळाचा तो भाग खरवडून काढावा लागला असता, आणि चाचण्या यशस्वी झाल्याच तर पुढच्या वर्षी काय, हा प्रश्न उरलाच असता.

सागरी औषधांच्या शोधात अशी वेळ वारंवार येते. स्पंज, प्रवाळ, समुद्रगोगलगायी हे जीव पळू शकत नाहीत किंवा फार मंद चालतात. दात, नखे, कवच यांपैकी काही नसलेल्या जीवाला शत्रूपासून बचावाचा एकच मार्ग उरतो: विष. ते पाण्यात क्षणार्धात विरळ होते, म्हणून अत्यल्प प्रमाणातही मारक असावे लागते. औषधनिर्मात्याला मोह पडतो तो याच गुणाचा, आणि त्याची अडचणही तिथेच असते. कारण इतके जहाल द्रव्य तो जीव स्वतःच्या अंगात साठवतो तरी किती?

समुद्राच्या या रूपाचा कॅनडाला आलेला अनुभव औषधाचा नव्हता. १९८७ च्या अखेरीस प्रिन्स एडवर्ड आयलंडवरून आलेले मसल जातीचे शिंपले (गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचे हे भाऊबंद) खाऊन शंभरहून अधिक लोक आजारी पडले. काहींचा मृत्यू झाला. वाचलेल्यांपैकी काहींची अलीकडची स्मृती कायमची गेली. जुने सारे आठवे, पण सकाळी काय घडले ते आठवत नसे. हॅलिफॅक्स येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेतील वैज्ञानिकांनी रात्रंदिवस काम करून पाच दिवसांच्या आत विषाची ओळख पटवली. ते डोमोइक आम्ल होते, एका सूक्ष्म शैवालातून शिंपल्यांत उतरलेले. तेव्हापासून शिंपल्यांच्या मांसात दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा पाळली जाते. मज्जापेशीच्या एका विशिष्ट कुलपात चपखल बसणारा रेणू समुद्राने घडवला होता. कर्करोगाच्या पेशीतील कुलपात बसणारी किल्लीही तिथेच सापडावी, यात नवल ते काय?

किल्ली सापडली, पण ती समुद्रातून काढून आणणे परवडणारे नव्हते. मग उरला एकच पर्याय: ती प्रयोगशाळेत, अणूला अणू जोडून, घडवणे.

हॅलिकॉन्ड्रिन बी या रेणूत साठ कार्बन अणू आहेत आणि त्यांपैकी ३२ ठिकाणी 'डावे की उजवे' हा प्रश्न उभा राहतो. कार्बनला चार वेगवेगळे शेजारी असले, की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, डाव्या आणि उजव्या हातमोज्यांसारखी. डावा मोजा उजव्या हातात जात नाही. तसेच एका जागी मांडणी चुकली, तर रेणू पेशीतील प्रथिनात बसेलच असे नाही. अशा ३२ जागा म्हणजे कागदावर चारशे कोटींहून अधिक शक्यता, आणि त्यांतली हवी असते एकच.

कार्बनला कार्बन जोडण्याच्या जुन्या पद्धती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. मॅग्नेशियमची ग्रिन्यार अभिक्रिया आहे, लिथियमची संयुगे आहेत. ती जोमदार असतात, पण विवेकी नसतात. साध्या रेणूत हे चालते. अर्धा घडवून झालेल्या, डझनभर नाजूक गटांनी सजलेल्या रेणूवर ती सोडणे म्हणजे पैठणीवरचा डाग काढायला धोबीघाटावरचा दगड वापरण्यासारखे आहे. ती हव्या त्या जागी जोड करतील, पण शेजारच्या दोन जागा उसवतील.

येथे क्रोमियम येते. १९७७ मध्ये क्योटो विद्यापीठातील नोझाकी आणि हियामा यांनी क्रोमियमच्या एका क्लोराइडच्या साहाय्याने कार्बन-कार्बन जोड करण्याची पद्धत मांडली. क्रोमियमला जोडलेला कार्बन अतिशय मृदू वागतो. तो अल्डिहाइड नावाच्या गटावर जाऊन बसतो आणि एस्टर, कीटोन, अल्कोहोल अशा इतर गटांना बहुधा हातही लावत नाही. गुंतागुंतीच्या रेणूला नेमका असाच कारागीर हवा होता. १९८३ पर्यंत ही अभिक्रिया व्हिनिल आयोडाइड या प्रकारच्या संयुगांपर्यंत विस्तारली.

पण तिच्यात एक विचित्र लहरीपणा होता. हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी त्या काळात पॅलिटॉक्सिन या १२९ कार्बनांच्या महाकाय सागरी विषाच्या संश्लेषणात गुंतले होते आणि ही अभिक्रिया वापरून पाहत होते. काही वेळा ती उत्तम चाले, काही वेळा मुळीच चालत नसे. पद्धत तीच, हात तेच, तापमान तेच. बदलत असे ती फक्त क्रोमियम क्लोराइडची बाटली. कोणत्या कंपनीचा, कोणत्या खेपेचा माल आहे, यावर यश ठरत होते. सामान्यतः अशा वेळी 'माल अशुद्ध असेल' असे म्हणून अधिक शुद्ध मालाची मागणी होते. येथे उलटे निघाले. बाटली जितकी शुद्ध, तितकी अभिक्रिया मंद! चांगल्या चालणाऱ्या बाटल्यांत निकेलचा अल्प अंश मिसळलेला होता, आणि खरे काम सुरू करून देणारा तोच होता. किशी यांचा गट आणि क्योटोतील ताकाई, नोझाकी यांचा गट हे दोघेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले आणि दोघांनीही तो १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. तेच हॅलिकॉन्ड्रिनच्या शोधाचेही वर्ष.

प्रत्यक्षात घडते ते असे. आयोडीन आणि कार्बन यांच्यातील बंध तोडून मध्ये शिरण्याचे काम निकेल करते. क्रोमियमला ते एकट्याने जमत नाही. मग निकेल तो कार्बन क्रोमियमच्या स्वाधीन करते आणि स्वतः पुढच्या रेणूकडे वळते. क्रोमियम तो कार्बन अल्डिहाइडवर नेऊन जोडते. निकेल प्रत्येक फेरीनंतर मोकळे होते, म्हणून ते अत्यल्प लागते. उत्प्रेरक या शब्दाचा अर्थच हा. क्रोमियमची कथा मात्र वेगळी. जोड पूर्ण झाल्यावर ते ऑक्सिजनला असे घट्ट बिलगते, की सुटत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात ते रेणूंच्या संख्येच्या कित्येक पट ओतावे लागे आणि शेवटी हिरव्या क्रोमियमयुक्त गाळाची विल्हेवाट लावणे हेच मोठे काम होऊन बसे. १९९६ मध्ये अलोइस फ्युर्स्टनर यांनी यावर उपाय दाखवला. सिलिकॉनचे एक क्लोराइड क्रोमियमची ऑक्सिजनपासून सुटका करते आणि मँगनीजची पूड त्याला पुन्हा कामाला लावते. आता क्रोमियमही खऱ्या अर्थाने उत्प्रेरक झाले. किशी यांच्या गटाने सिलिकॉनऐवजी झिर्कोनियमचे संयुग वापरून आणि क्रोमियमभोवती ठरावीक हाताचे सल्फोनामाइड बांधून नवी जोड डावी व्हावी की उजवी, हेही ताब्यात आणले. आज ही अभिक्रिया नोझाकी, हियामा आणि किशी या तिघांच्या नावाने ओळखली जाते.

१९९२ मध्ये किशी यांच्या गटाने हॅलिकॉन्ड्रिन बीचे संपूर्ण संश्लेषण प्रसिद्ध केले. कोणताही व्यवहारी माणूस त्यावर म्हणाला असता, की हे कारखान्यात कधीच शक्य नाही. ते खरेही होते. मात्र एझाई या जपानी कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील संशोधकांनी एक वेगळा प्रश्न विचारला: एवढा सारा रेणू खरोखर लागतो का? किशी यांच्या मार्गातील मधल्या टप्प्यांवरचे तुकडे त्यांनी पेशींवर तपासले, तेव्हा उजवीकडच्या अर्ध्या भागातच, म्हणजे मोठ्या वलयाच्या भागातच, औषधी गुण एकवटल्याचे दिसले. डावा अर्धा भाग निसर्गाने ज्यासाठी जोडला असेल त्यासाठी असो. औषधाला तो नको होता. वलयातील एस्टरचा दुवा शरीरातील विकरे तोडतात, म्हणून त्या जागी कीटोन आणला. अशा अनेक बदलांनंतर जे उरले ते एरिब्युलिन. संश्लेषण नसते, तर हा शोधच लागला नसता. स्पंजाला अर्धा रेणू तयार करायला सांगता येत नाही.

तरीही या अर्ध्या रेणूत १९ त्रिमितीय केंद्रे आहेत आणि त्याच्या औद्योगिक निर्मितीच्या सुमारे ६२ पायऱ्या सांगितल्या जातात. हा आकडा म्हणजे काय, हे व्याजाचे गणित जाणणाऱ्यांना सहज कळेल. प्रत्येक पायरीत ९० टक्के माल हाती लागतो असे धरले (प्रयोगशाळेत हा उत्तम निकाल मानतात) आणि ६२ पायऱ्या एकामागून एक केल्या, तर अखेरीस हजारातला दीड भाग उरतो. म्हणून रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधत नाहीत. तीन मोठे तुकडे स्वतंत्रपणे घडवतात आणि शेवटी जोडतात. मग सर्वांत लांब साखळी समजा तीस पायऱ्यांची राहिली, तर उरणारा माल चार टक्क्यांच्या वर जातो. पण ही सारी बचत एका अटीवर अवलंबून असते: शेवटच्या जोडण्या हळुवार हव्यात. महिनोन्‌महिने खपून घडवलेले दोन महागडे तुकडे एकत्र आणताना एकही नाजूक भाग मोडता कामा नये. एरिब्युलिनमध्ये तुकडे जोडणे आणि अखेरीस वलय बंद करणे ही कामे निकेल-क्रोमियमची हीच अभिक्रिया करते. बाटलीतल्या त्या भेसळीचे मोल येथे कळते.

७६२ रुग्णांच्या ज्या चाचणीवर औषधाला परवानगी मिळाली, तीत एरिब्युलिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३.१ महिने आणि इतर उपचार घेणाऱ्यांचे १०.६ महिने भरले. अडीच महिने. कोणाला हा फरक तुटपुंजा वाटेल. पण ज्या टप्प्यावर बहुतेक औषधे आयुष्य वाढवल्याचे सिद्धच करू शकत नाहीत, त्या टप्प्यावरचे हे अडीच महिने आहेत.

सारीच कहाणी अशी सुफळ होत नाही. कॅरिबियन समुद्रातील स्पंजात सापडलेले डिस्कोडर्मोलाइड हे त्याचे उदाहरण. नोव्हार्टिस कंपनीने पॅलॅडियमची सुझुकी अभिक्रिया वापरून ३९ पायऱ्यांत त्याचे तब्बल ६० ग्रॅम तयार केले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा पराक्रम होता. औषध मानवी चाचणीत गेले, फुप्फुसांवर दुष्परिणाम दिसले आणि काम थांबले. रेणू घडवता येणे आणि तो औषध ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पॅलॅडियमच्या या जोडण्यांना २०१० चे आणि रुथेनियम व मॉलिब्डेनमच्या मेटॅथेसिस अभिक्रियेला २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅनडातील प्रयोगशाळांचा या क्षेत्रातील वाटा दोन दिशांनी आला आहे. एक, रेणू शोधण्याचा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील रेमंड अँडरसन यांच्या गटाने पापुआ न्यू गिनीच्या स्पंजांतून अनेक पदार्थ वेगळे केले. हेमिॲस्टर्लिन हा त्यांतला एक. दक्षिण आफ्रिकेच्या स्पंजातून तो त्याच सुमारास दुसऱ्या गटालाही मिळाला होता. तीनच अमिनो आम्लांचा हा रेणू हॅलिकॉन्ड्रिनच्या मानाने बाळबोध म्हणावा इतका सुटसुटीत. त्याची कृत्रिम रूपे सहज घडवता आली आणि प्रतिपिंडाला जोडून कर्करोगाच्या पेशीपर्यंत नेण्याचे प्रयत्न त्यावर पुढे झाले. मॉन्ट्रियल विद्यापीठात स्टीफन हानेसियन यांच्या गटाने २००२ मध्ये डायसिनोसिन ए या ऑस्ट्रेलियन स्पंजातील पदार्थाचे संश्लेषण करून त्याच्या रचनेवर शिक्कामोर्तब केले. हा पदार्थ रक्त गोठवणाऱ्या विकरांना रोखतो. व्हँकुव्हरशेजारी बर्नाबी येथील सायमन फ्रेझर विद्यापीठात रॉबर्ट ब्रिटन यांच्या गटाने ऑक्सिजनयुक्त पाच अणूंची वलये थोडक्या पायऱ्यांत बांधण्याची पद्धत विकसित केली आहे. सागरी रेणूंत ही वलये जागोजाग आढळतात. हॅलिकॉन्ड्रिनमध्येही ती आहेत.

दुसरी दिशा धातूंना अधिक समजून घेण्याची. ओटावा विद्यापीठात कीथ फॅग्नू यांनी पॅलॅडियमच्या जोडणीतील एक वायफळ खर्च हेरला. जोड करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना आयोडीन किंवा बोरॉनसारखी 'मूठ' बसवावी लागते आणि नंतर ती फेकून दिली जाते. एका बाजूचा साधा कार्बन-हायड्रोजन बंधच वापरता आला तर? या प्रश्नावरील त्यांचे काम जगभर पोहोचले. पण २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच विद्यापीठात डेरिन फॉग यांनी रुथेनियमचे उत्प्रेरक कसे 'मरतात' याचा कसून अभ्यास केला आहे. पाण्याचा अंश, अमाइन, खुद्द अभिक्रियेतून निघणारा इथिलीन वायू यांपैकी कोण त्यांचा घात करते, हे कळल्याशिवाय कारखान्यात त्यांच्यावर विसंबता येत नाही. मोठी वलये बंद करताना हा प्रश्न अधिक टोचतो. रेणूच्या एका टोकाने आपल्याच दुसऱ्या टोकाला धरावे, शेजाऱ्याला नव्हे, यासाठी द्रावण अतिशय विरळ ठेवावे लागते. अभिक्रिया मंदावते, आणि तोवर उत्प्रेरक तग धरेलच याची खात्री नसते.

औषधनिर्मितीत धातूंची आणखी एक जबाबदारी असते, ती म्हणजे काम झाल्यावर निघून जाण्याची. शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधात पॅलॅडियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १० मायक्रोग्रॅम आहे. निकेललाही अशीच काटेकोर सीमा आहे. म्हणून शेवटच्या पायऱ्यांत धातू वापरणे सोयीचे असले, तरी तो काढून टाकण्यासाठी विशेष शोषक, पुनःपुन्हा स्फटिकीकरण आणि अतिसूक्ष्म मोजमाप हे सारे करावे लागते. क्रोमियमची अभिक्रिया हवेतील ऑक्सिजन सहन करत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. चंचुपात्रात जे बंद पेटीत हातमोजे घालून जमते, ते शेकडो लिटरच्या टाकीत जमवणे हा अभियांत्रिकीचा वेगळाच अध्याय आहे.

हा अध्याय लिहिणाऱ्यांपैकी काही जण टोरँटोलगतच्या मिसिसागा येथे आहेत. तेथील अल्फोरा रिसर्च या कंपनीने (२०१७ पासून ती युरोफिन्स समूहात आहे) एरिब्युलिन आणि त्याच्या मधल्या टप्प्यांवरील घटकांच्या निर्मितीप्रक्रियेची पेटंटे घेतली. दिवाळी आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांमुळे मिसिसागा मराठी कुटुंबांच्या परिचयाचे. पण त्या परिसरातील औषधकंपन्यांच्या साध्याशा इमारतींत काय शिजते, याची चर्चा क्वचितच होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेल्या कोणाही रसायनशास्त्रज्ञाला तेथील काम परके वाटू नये. मूळ पेटंटची मुदत सरल्यावर औषध स्वस्त होते, ते आपोआप नव्हे. साठ पायऱ्यांचा रेणू वेगळ्या वाटेने, कमी खर्चात, तितक्याच शुद्धतेने घडवून दाखवणारे कोणीतरी लागते. साध्या गोळीची नक्कल वर्षा-दोन वर्षांत होते. एरिब्युलिनसारख्या रेणूची नक्कल हे स्वतंत्र संशोधनच असते.

किशी यांनी मात्र पूर्ण रेणूचा ध्यास सोडला नव्हता. २०१९ मध्ये त्यांच्या आणि एझाईच्या गटाने हॅलिकॉन्ड्रिन कुळातील संपूर्ण आकाराच्या एका नव्या रेणूचे १० ग्रॅमहून अधिक उत्पादन केल्याचे जाहीर केले. ई-७१३० हे त्याचे नाव. पायऱ्या नव्वदच्या वर. जपानच्या किनाऱ्यावरील स्पंजातून तेवढे हॅलिकॉन्ड्रिन मिळवायचे झाले, तर १९८६ च्या हिशेबाने ४८० टन स्पंज लागला असता. कंपनीने या रेणूच्या मानवी चाचण्या सुरू केल्या. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, किशी यांचे निधन झाले.